चंद्रावर उतरायचे पाय

जयंतला खुर्चीत बसवून पट्टे आवळले तेव्हा दुपारचे पावणेबारा झाले होते. पट्टे पाच असतात. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक मांड्यांमधून. प्रत्येक पट्टा मी स्वतः ओढून पाहिला. जयंत म्हणाला, "सुजाता, श्वासापुरती तरी जागा ठेव. चंद्रावर हवा नसेल, इथे आहे."

मी हसले नाही. एरवी जयंतच्या फालतू विनोदांनाही मी हसते. पण वाळूच्या पोत्यांच्या जागी जिवंत माणूस बसतो त्या दिवशी मला हसू येत नाही.

खुर्ची एका सांगाड्यात होती. सांगाड्याला चार पाय होते. तो सगळा डोलारा क्रेनच्या हुकाला लटकत होता आणि खाली काळ्या भुकटीचा मुद्दाम उतरता केलेला पट्टा होता. बरोबर बारा वाजता हुक सुटणार होता. समोरच्या पत्र्याच्या शेडखाली तीन पाहुणे बसले होते. ते पाहून समाधानाने परत गेले, तर आमच्या कंपनीला पुढचं काम मिळणार होतं.

मी टेस्ट इंजिनिअर आहे. दुसऱ्यांनी कष्टाने बनवलेली वस्तू मोडते का ते पाहणं हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग. आमची कंपनी पुण्याजवळ आहे आणि माणसांना चंद्रावर उतरवणाऱ्या यानाचे पाय बनवते. यान नाही, इंजिन नाही, फक्त पाय. घरी सांगितलं तेव्हा माझे काका म्हणाले होते, "एवढं शिकीसन पायच?"

पण पाय ही साधी गोष्ट नाही. चंद्रावर हवा नाही म्हणून पॅराशूट चालत नाही. यान इंजिनाच्या जोरावर वेग कमी करत येतं, आणि शेवटचा धक्का पायांनी खायचा असतो. त्यासाठी पायाच्या नळीत अॅल्युमिनियमची जाळी भरलेली असते, मधाच्या पोळ्यासारखी. धक्का बसला की ती चुरगळते आणि जोर गिळून टाकते. पायाच्या टोकाला परातीएवढी तबकडी असते. तिला आम्ही फूटपॅड म्हणतो. पाय जमिनीत रुतू नये म्हणून ती.

यानात नुसती यंत्रं असतील आणि ते कलंडलं तर लोक हळहळतात आणि पुन्हा दुसरं पाठवतात. माणसं असली की हिशेब बदलतो. त्यांना परत यायचं असतं, आणि परतीचं उड्डाण याच पायांवर उभं राहून करायचं असतं. यान ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तिरकं झालं तर वरचा भाग सरळ उडूच शकत नाही. म्हणून टेकताना काही बिघडतंय असं वाटलं, तर आतल्या माणसाने दोन-तीन सेकंदांत उजवीकडचं एक बटण दाबून तिथूनच परत निघायचं. धक्का किती बसला ते सेन्सर सांगतो. धक्का बसल्यावर माणसाचा हात त्या बटणापर्यंत पोहोचतो का, हे मात्र माणूस बसवूनच कळतं. जयंत त्यासाठी होता. तो हवाई दलातून निवृत्त झालेला पायलट, आणि कुठल्याही विचित्र खुर्चीत बसायला कायम तयार.

टेस्टची जागा मी सुचवली होती. मी शहाद्याची. चंद्रावर जे काळे डाग दिसतात ते आपल्याकडच्या काळ्या फत्तराचेच भाऊबंद. शहाद्याहून अक्कलकुव्याकडे जाताना, तळोद्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी, एक बंद पडलेली खाण मला माहीत होती. शेजारी खडी फोडणारं क्रशर. क्रशरच्या खाली जी बारीक भुकटी साचते तिला सगळे डस्ट म्हणतात. ती चाळून, पसरून, पंधरा दिवस उन्हात वाळवून आम्ही चंद्राची जमीन तयार केली. चंद्रावर पाण्याचा थेंब नाही, म्हणून भुकटी कोरडी ठणठणीत हवी. वाळवून झाल्यावर ओलावा मोजला. जवळपास शून्य. ही मोजणी एकदाच झाली. रोज मोजावी असं चेकलिस्टमध्ये नव्हतं, आणि चेकलिस्ट मीच लिहिली होती.

चंद्रावर वजन सहावा हिस्सा, म्हणून सांगाडा त्या मानाने हलका बनवला होता. तो कमरेएवढ्या उंचीवर धरायचा, बाजूला ओढून झोका द्यायचा, आणि झोका खाली आला की हुक आपोआप सुटायचा. मग सांगाडा थोडा सरकत उतारावर टेकायचा. याला आम्ही ड्रॉप म्हणतो. जयंतच्या वजनाची वाळूची पोती खुर्चीत बांधून चार ड्रॉप झाले होते. चारही वेळा सांगाडा गुमान उभा राहिला. फूटपॅड दोन बोटं रुतले, बस. चारही रिपोर्टवर माझी सही होती. त्या सह्यांच्या जोरावरच पाचव्या ड्रॉपला जयंत बसला होता.

शेवटची फेरी मारायची म्हणून मी पट्ट्यावर उतरले. फूटपॅडवर रोखलेले कॅमेरे तपासायचे होते. पहिल्याच पावलाला बूट घोट्यापर्यंत आत गेला. पाय उचलला तर धुळीचा लोट उठला आणि पँट गुडघ्यापर्यंत राखाडी झाली. मी कॅमेरे पाहिले, ठीक होते. परत आले. पँट झटकली. आणि झटकता झटकता हात थांबला.

चार ड्रॉपच्या आधी मी चार वेळा याच पट्ट्यावर चालले होते. पँट एकदाही झटकावी लागली नव्हती.

मुळे सर शेडजवळ उभे होते. ते आमचे प्रोजेक्ट डायरेक्टर, माझे बॉस. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "सर, आज धूळ उडतेय."

"खाणीत धूळ उडणार नाही तर काय उडणार?"

"आधी उडत नव्हती."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "सुजाता, सहा मिनिटं राहिली आहेत. पुढचं बोला."

पुढचं माझ्याकडे काही नव्हतं. नुसती मळलेली पँट होती. आमच्या साईटवर एक नियम आहे. कुणीही, अगदी चहा देणाऱ्यानेही, 'होल्ड' म्हटलं की सगळं थांबतं. पण तो नियम भिंतीवर लावायला सोपा असतो. तीन पाहुणे बघत असताना, हातात कारण नसताना तो शब्द उच्चारायचा म्हणजे जीभ जड होते. मला भीती वाटली. चुकले तर सगळ्यांसमोर तोंडघशी पडेन याची भीती. मग मान वर करून जयंतकडे पाहिलं. तो हवेत लटकत होता आणि हात लांब करून बटणापर्यंत पोहोचायचा सराव करत होता.

मी वॉकीटॉकीवर म्हणाले, "होल्ड."

क्रेन ऑपरेटरने लगेच हात मागे घेतला. मुळे सरांचा चेहरा लाल झाला. "कारण?"

"दहा मिनिटं द्या. सांगते."

मी पुन्हा पट्ट्यावर गेले आणि हाताने उकरलं. कोपरापर्यंत हात गेला तरी भुकटी सुटीच. मूठ वळली तर बोटांतून गळून गेली. मागच्या आठवड्यात, चौथ्या ड्रॉपनंतर, फूटपॅड काढल्यावर खाली त्याचा ठसा राहिला होता, काठ कसे चाकूने कापल्यासारखे. मी त्याचा फोटो काढला होता. सुंदर आला म्हणून टीमच्या ग्रुपवरही टाकला होता. आज हाताने केलेला खड्डा माझ्या डोळ्यांदेखत ढासळून बुजला.

मधल्या आठवड्यात आम्ही पट्टा ट्रॅक्टरने उलथून पुन्हा सपाट केला होता. पण ते केल्याने भुकटी सैल होते, कोरडी नाही. आणि ती आधीपासून कोरडीच होती. निदान माझ्या कागदावर तरी.

साईटवर आमच्या आधी रोज कोण येतं? कलाबाई येतात. त्या क्रशरशेजारच्या गावातल्या. शेड झाडतात, चहा करतात, रात्री पट्ट्यावर घातलेली ताडपत्री सकाळी काढतात. मी शेडमागे गेले. त्या स्टोव्हपाशी बसल्या होत्या.

"कलाबाई, तुम्ही सकायले तठे पट्टावर काय करतस?"

"काय करस ताई? ताडपत्री काढस. दाताळं फिरावस. मंग सडा टाकस."

मी पुढे सरकले. "रोज?"

"रोजच ना. पाव्हना येतस, मोठा काम शे. सडा ना टाकता कसं चालई?" मग त्या ओशाळल्या. "पन चार दिन व्हयनात, नही टाका. डीपी जळी गयी ना. मोटर बंद. पेवाना पानीना टँकर येस, मंग सडाले पानी कोठून लयसू? आज मोठा पाव्हना येल शेतस, आनि आंगन कोरडंच. मले बठ्ठा दिन कसंतरी व्हई ऱ्हायनं."

डीपी म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर. आमची यंत्रं जनरेटरवर चालत, त्यामुळे वीज गेल्याचं आम्हाला कळलंही नव्हतं.

मी तिथेच दगडावर बसले. रोज सकाळी गाडीतून उतरलं की ओल्या मातीचा वास यायचा. मला बरं वाटायचं. पुण्याच्या मुलांना मी म्हणालेही होते, आमच्याकडे असाच वास येतो. शहाद्याला आमच्या दारात माझी आई अजूनही रोज सडा टाकते. त्या वासाचा मला कधी प्रश्नच पडला नाही. बाहेरच्या एखाद्याने लगेच विचारलं असतं की इथे पाणी कुठून आलं.

कलाबाईंना कुणी सडा टाकायला सांगितलं नव्हतं. टाकू नका असंही कुणी सांगितलं नव्हतं. ते काम आहे असं त्यांना वाटतच नव्हतं, म्हणून त्या कधी बोलल्या नाहीत. रोज पहाटे थोडं पाणी, रात्री वरून ताडपत्री. दहा वाजेपर्यंत उन्हाने वरचा थर वाळायचा आणि आम्हाला कोरडी भुकटी दिसायची. खाली वीतभर ओल धरून बसलेली. वाळूचा किल्ला ओल्या वाळूचाच होतो, हे लहान मुलालाही माहीत असतं. आमचे पाय चारही वेळा किल्ल्यावर उतरले होते.

मुळे सरांना मी सगळं सांगितलं. ते पटकन समजले. तेवढे ते हुशार आहेतच. पण त्यांनी काढलेला मार्ग ऐकून मी गार पडले.

"मग सोपं आहे," ते म्हणाले. "टँकर मागवा. सडा टाका. दोन तासांत पट्टा पहिल्यासारखा होईल. चार ड्रॉप ज्या पट्ट्यावर झाले त्याच पट्ट्यावर पाचवा."

"सर, आजचा पट्टा बरोबर आहे. ते चार चुकीचे होते."

"तुम्ही काय बोलताय कळतंय का? त्या चारही रिपोर्टवर तुमची सही आहे."

"माहीत आहे."

"पाहुण्यांना काय सांगू? अंगणात सडा टाकला म्हणून यान उभं राहिलं?"

"तसंच सांगा. तसंच झालंय."

मुळे सरांशी असं बोलणं मला सोपं नव्हतं. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली होती, आणि त्यांनीच मला ड्रॉप टेस्ट शिकवली होती. वॉकीटॉकी चालूच होता, त्यातून जयंतचा आवाज आला. "माझ्याबद्दल चाललंय, तर मलाही विचारा. उंची निम्मी करा. मी बसतो. पाहुणेही खूश."

"नाही," मी म्हणाले.

"सुजाता, मी विमानातून उडी मारलेला माणूस आहे."

"तेव्हा पॅराशूटला कुणी सडा टाकला नव्हता. उतर खाली."

मग मी मुळे सरांना म्हणाले, "आज याच कोरड्या पट्ट्यावर पोती टाकून ड्रॉप घेऊ. सांगाडा उभा राहिला, तर मी पाहुण्यांची माफी मागेन, जयंत बसेल, आणि उद्या माझा राजीनामा तुमच्या टेबलावर असेल."

राजीनाम्याचं बोलून गेले. घराचं कर्ज आठवलं नाही, मुलीची शाळा आठवली नाही. आठवलं ते एवढंच की आता हा सांगाडा कलंडला पाहिजे, असं मला वाटतंय. स्वतःच्या टीमने दोन वर्षं खपून केलेले पाय मोडावेत अशी इच्छा मनात आली, तिची मला आजही लाज वाटते.

मुळे सर शेडकडे गेले. पाहुण्यांशी बोलून परत आले आणि एवढंच म्हणाले, "पोती बांधा."

जयंतला उतरवायला, पोती बांधायला पाऊण तास गेला. जयंत शेडच्या खांबाला टेकून हाताची घडी घालून उभा राहिला. ऊन मी म्हणत होतं. पाहुण्यांना कलाबाईंनी दुसऱ्यांदा चहा दिला.

एक वाजून वीस मिनिटांनी सांगाडा बाजूला ओढला. मी आकडे मोजले. झोका खाली आला, हुक सुटला.

उताराकडचे दोन पाय आधी टेकले. आधीच्या चार वेळा इथे ठप्प असा आवाज यायचा. या वेळी आवाजच आला नाही. दोन्ही फूटपॅड भुकटीत नांगरासारखे घुसले, पुढे भुकटीचा ढीग लोटत गेले आणि त्या ढिगाला अडकून थांबले. वरच्या बाजूचे पाय जमिनीवरून उचलले गेले. सांगाडा एक क्षण तसाच तोलून राहिला. मला वाटलं, परत बसेल. मग तो उजव्या कुशीवर गेला आणि पट्ट्याच्या कडेला रचलेल्या दगडांवर आदळला.

धूळ खाली बसायला बराच वेळ लागला.

खुर्चीतलं पोतं फाटलं होतं आणि वाळू बारीक धारेने गळत होती. सांगाड्याची उजवीकडची नळी आत वाकली होती. बटणाचं पॅनल त्या नळीखाली चेपून कागदासारखं झालं होतं. टेकल्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला जयंतचा उजवा हात बरोबर तिथे असणार होता. तेच तर आम्हाला मोजायचं होतं.

जयंत पुढे गेला. वाकलेल्या नळीला हात लावून पाहिला, मग स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "पाणी आहे का?" मी बाटली दिली. त्याने ती सगळी संपवली.

पाहुण्यांपैकी सगळ्यात वरच्या हुद्द्याच्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "चौथ्या ड्रॉपपर्यंत हे लक्षात कसं आलं नाही?" मुळे सर काही बोलायच्या आत मी म्हणाले, "माझ्या लक्षात यायला हवं होतं." नंतर रिपोर्टच्या मसुद्यात कारणाच्या रकान्यात कुणीतरी 'स्थानिक कर्मचाऱ्याची चूक' असं लिहून पाठवलं. ते मी खोडलं आणि तिथे लिहिलं, 'ओलावा रोज मोजण्याची सूचना चेकलिस्टमध्ये नव्हती', आणि खाली माझं नाव. मुळे सरांनी तो कागद बराच वेळ हातात धरला, आणि शेजारी स्वतःची सही केली.

चारही रिपोर्ट मागे घेतले. पुढचं काम लांबणीवर पडलं. फूटपॅडचा घेर वाढवला, काठ वर वळवले, पाय आणखी पसरट केले. हे सगळं वाक्यात लिहायला सोपं आहे. करायला आठ महिने लागले.

त्या दुपारी निघताना कलाबाई गाडीपाशी आल्या होत्या. त्यांना वाटलं होतं, सडा टाकला नाही म्हणूनच ते पडलं. "मन्हामुळेच ना, ताई?" त्यांनी विचारलं. मी समजावलं. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. त्या मान हलवत राहिल्या.

आठ महिन्यांनी, हिवाळ्यात, त्याच खाणीत पोत्यांचे ड्रॉप नव्याने झाले. सगळे कोरड्या पट्ट्यावर. रोज ओलावा मोजून. मग जयंतच्या ड्रॉपचा दिवस आला. त्या सकाळी मी सहा वाजता साईटवर गेले आणि कलाबाईंना म्हटलं, "आज उठनात तव्हयपाईन काय काय करं, बठ्ठं सांगा. लहानमधलं लहान बी."

त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. झाडू मारला. ताडपत्री काढली. सडा नाही टाकला, आईशप्पथ नाही. जनरेटरपाशी उदबत्ती लावली. क्रेनला हार घातला.

"आनि?"

"आनि पायले तेल लावं."

"कोना पायले?"

"त्याना." त्यांनी सांगाड्याकडे बोट केलं. "चारी पायले. खालेथून. फडकावरी गोडेतेल. आज मानूस बसाव शे ना, जपीसन टेकाले पाहिजे."

तेल लागलेला फूटपॅड कोरड्यासारखा सरकत नाही; हाही ड्रॉप खोटा ठरला असता. जयंत अकराला बसणार होता. तो तीनला बसला. मधल्या वेळात मी, जयंत, क्रेन ऑपरेटर आणि मुळे सर, चौघांनी मिळून चार फूटपॅड साबणाने घासले, पुसले आणि कोरडे केले. तीन वाजून पाच मिनिटांनी सांगाडा ठप्प आवाज करत टेकला, थोडा तिरका झाला, मर्यादेच्या बराच आत राहिला. जयंतचा हात दोन सेकंदांत बटणावर होता.

आता कुठल्याही नव्या साईटवर गेले की माझ्या चेकलिस्टचा पहिला प्रश्न मशीनबद्दल नसतो. सकाळी इथे सगळ्यात आधी कोण येतं, एवढं विचारते. त्या माणसाशी बोलून झाल्याशिवाय मी दुसरं पान उलटत नाही.